शेअर नावावर आहे म्हणजे नेमके काय आपले आहे?

कागल तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील साखर कारखान्याचे जुने सभासद होते. वडिलांच्या निधनानंतर पत्र्याच्या ट्रंकेत कारखान्याच्या भाग दाखल्याबरोबर मुंबईच्या एका कंपनीच्या शंभर शेअरचे १९९३ सालचे प्रमाणपत्रही सापडले. शिवाय गेल्या काही वर्षांत त्यांनी स्वतः मोबाइलवरून तीन-चार कंपन्यांचे शेअर घेतले आहेत. त्यांचे चुलते म्हणतात की कारखान्याचा सभासद जसा कारखान्याचा मालक, तसा शेअरवाला कंपनीचा मालक. तेव्हा सभेला जावे, हिशेब मागावा आणि कंपनी एखादी जमीन विकत असेल तर त्यातला आपला हिस्साही मागावा. हे बरोबर आहे का, आणि शेअर घेणारा माणूस नेमका कशाचा मालक होतो, असे त्यांनी विचारले आहे.

कोल्हापुरात सनदी लेखापाल म्हणून मी तीस वर्षांहून अधिक काळ काम करीत आहे. हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर अनेकदा आला, आणि प्रत्येक वेळी गोंधळाचे मूळ एकाच ठिकाणी सापडले. आपल्या भागात 'शेअर' हा शब्द शेअर बाजारातून आलेला नाही. तो साखर कारखाना, दूध संस्था, विकास सोसायटी आणि नागरी बँक यांच्याकडून आला. आणि मालकी म्हणजे काय, हे आपण सातबाऱ्यावरून शिकलो. या दोन्ही कल्पना आपापल्या जागी बरोबरच आहेत. परंतु कंपनीच्या शेअरला त्या लावल्या की माणूस चुकीच्या हक्कासाठी भांडत बसतो, आणि जो हक्क खरोखर त्याचा आहे तो मात्र वापरत नाही.

आधी सातबाऱ्याचे पाहू. सामाईक गटात ज्याचे नाव आहे, तो त्या जमिनीचा सहहिस्सेदार असतो. कितीही वर्षे लागोत, पण तो वाटणी मागू शकतो, आणि वाटणी झाली की बांध घालून आपला तुकडा वेगळा करू शकतो. कंपनीचे तसे नाही. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, यंत्रे असतात, बँकेत पैसे असतात आणि कर्जही तिच्याच नावावर असते. या मालमत्तेची मालक ती स्वतः असते, भागधारक नसतो. भागधारकाच्या मालकीचा असतो तो फक्त शेअर. शेअर म्हणजे काही ठरावीक हक्कांची मोळी. २०१३ च्या कंपनी कायद्याने तिला जंगम मालमत्ता मानले आहे. ही मोळी विकता येते, तारण ठेवता येते, वारसांना देता येते. परंतु ती सोडून तिच्या बदल्यात कंपनीची एक वीटसुद्धा मागता येत नाही.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी उद्यमनगरातील एका फाउंड्रीच्या मालकांपैकी धाकटे बंधू माझ्याकडे आले. फाउंड्री ही तीन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती आणि या धाकट्यांकडे वीस टक्के शेअर होते. भावाभावांत बिनसले होते. आदल्या दिवशी सकाळी ते टेम्पो आणि चार हमाल घेऊन कारखान्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "पाच लेथ आहेत, त्यातला एक माझा. वीस टक्के म्हणजे पाचात एक." थोरल्या भावाने फाटक उघडले नाही, शब्दाला शब्द वाढला, कामगार गोळा झाले आणि प्रकरण पोलीस चौकीपर्यंत गेले. माझ्यासमोर बसल्यावरही त्यांना मनापासून वाटत होते की अन्याय आपल्यावर झाला आहे. तो लेथ त्यांनीच कर्ज काढून आणवला होता, त्याची पूजा त्यांच्याच हातून झाली होती, आणि त्याचा आवाज ते झोपेतही ओळखत असतील. पण यंत्राचे बिल कंपनीच्या नावाचे होते, घसारा कंपनीच्या ताळेबंदात होता आणि बँकेचे तारणही कंपनीनेच दिले होते. त्यांनी तो लेथ टेम्पोत घातला असता, तर वीस टक्के शेअर असूनही कायद्याने ती चोरीच ठरण्याची शक्यता होती. हे सांगताना मला जड गेले आणि ऐकताना त्यांना त्याहून जड गेले.

न्यायालयांनी हा मुद्दा फार पूर्वी निकालात काढला आहे. बाचा गुजदार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिलेला निर्णय आजही आधारभूत मानला जातो, आणि ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याने तो मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. या बाईंकडे चहाच्या दोन कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या कंपनीच्या उत्पन्नापैकी साठ टक्के भाग शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त धरला जाई आणि चाळीस टक्क्यांवर प्राप्तिकर लागे. बाईंचे म्हणणे असे होते की कंपनीचे साठ टक्के उत्पन्न शेतीचे असेल, तर आपल्याला मिळालेल्या लाभांशाचाही साठ टक्के भाग शेतीचाच मानला पाहिजे. न्यायालयाने हे मान्य केले नाही. शेअर विकत घेणारा कंपनीच्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध विकत घेत नाही. कंपनीने लाभांश जाहीर केला तर त्यात, आणि कंपनी गुंडाळली गेली तर देणी भागवून उरलेल्या रकमेत वाटा मिळण्याचा हक्क त्याला असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. चहाच्या मळ्याशी शेती करणाऱ्या कंपनीचा संबंध होता. बाईंचा संबंध होता तो कंपनीशी. आजही एखादा शेतकरी मला विचारतो की माझ्या उसाला प्राप्तिकर नाही, तर मग साखर कंपनीच्या लाभांशाला का? त्याचे उत्तर हेच आहे. ऊस आपल्या रानातला असतो. लाभांश मात्र आपल्या रानातून येत नाही.

याच तत्त्वाची आणखी एक बाजू उद्योजकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटनमधील मकॉरा खटल्यात (१९२५) एका जमीनमालकाने आपले सगळे लाकूड कंपनीला विकले होते. कंपनीचे सगळे शेअर त्याचेच होते, पण लाकडाचा विमा मात्र त्याने स्वतःच्या नावाने उतरवला. लाकूड जळाले आणि विमा कंपनीला भरपाई द्यावी लागली नाही, कारण लाकूड त्याचे नव्हते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत आजही शेड वडिलांच्या नावावर, यंत्रे कंपनीच्या नावावर आणि विमा मुलाच्या नावावर, अशी रचना मला दिसते. आग लागण्याआधी ती दुरुस्त करून घ्यावी.

आता साखर कारखान्याकडे वळू, कारण चुलत्यांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे आणि ते इथेच आहे. सहकारी संस्थेत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे एका सभासदाला एकच मत असते. एकाकडे एक भाग असो की दहा, मत एकच. म्हणूनच आपल्याकडे कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा हा एक सोहळा असतो. मांडव पडतो, गावोगावचे सभासद येतात, अहवालाच्या प्रती फडफडतात आणि 'मंजूर' की 'नामंजूर' या घोषणांतच अनेक वेळा सभेचा निकाल लागतो. एक माणूस, एक मत, ही सहकाराची जान आहे आणि ती वाया गेलेली मला आवडणार नाही. कंपनीत मात्र मत माणसाला नसते, शेअरला असते. जितके शेअर तितकी मते. शंभर कोटी शेअर असलेल्या कंपनीत आपल्याकडे चाळीस शेअर असतील, तर आपण अडीच कोटीत एका हिश्श्याचे धनी आहोत. तिथे मांडवात उभे राहून 'नामंजूर' म्हणण्याने काही बदलत नाही. मोजली जातात ती मते.

दुसरा फरक त्याहून खोल आहे. सहकारी कारखान्याच्या सभासदाला भागावर मिळणारा लाभांश कायद्याने सामान्यतः पंधरा टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे, आणि खरे सांगायचे तर त्या लाभांशासाठी कुणी सभासद झालेला नसतो. सभासद होण्याचे कारण ऊस वेळेवर तुटून जावा, दर बरा मिळावा आणि दिवाळीला सभासद साखर मिळावी, हे असते. म्हणजे मालकीचा फायदा त्याला गिऱ्हाईक किंवा पुरवठादार या नात्याने मिळतो. कंपनीच्या भागधारकाचे उलट आहे. कंपनीशी त्याचा दुसरा कोणताही व्यवहार नसला तरी चालतो; त्याला मिळायचे ते नफ्यातून, लाभांशाच्या आणि वाढलेल्या किमतीच्या रूपाने. खासगी साखर कंपनीला ऊस घालणाऱ्या आणि तिचेच शेअर बाळगणाऱ्या शेतकऱ्याचा विचार करून पाहावा. शेतकरी म्हणून त्याला दर चढा हवा असतो. भागधारक म्हणून नफा वाढायला हवा असतो. आणि कंपनीच्या हिशेबात उसाचा दर हा सर्वांत मोठा खर्च असतो. सहकारात ही ओढाताण एकाच सभासदाच्या पोटात असते, म्हणून ती सभेत सोडवता येते. कंपनीत ती दोन वेगळ्या बाजूंना उभी असते. यातील एक पद्धत चांगली आणि दुसरी वाईट असे मी म्हणणार नाही, कारण दोन्हींनी या जिल्ह्याला रोजगार दिला आहे; पण एकीचे नियम दुसरीला लावू नयेत.

सहकारी संस्थेच्या भागाची किंमतही बहुतेक ठिकाणी दर्शनी मूल्याला बांधलेली असते. कारखान्याने कितीही विस्तार केला, इथेनॉल आणि सहवीजनिर्मिती उभी केली, तरी सभासदाचा भाग त्याच किमतीचा राहतो. कंपनीच्या शेअरची किंमत मात्र पुढे काय मिळेल या लोकांच्या अंदाजावर ठरते. म्हणूनच दर्शनी मूल्य, पुस्तकी मूल्य आणि बाजारभाव हे तीन आकडे वेगळे ठेवावेत. दर्शनी मूल्य ही प्रमाणपत्रावर छापलेली रक्कम. कंपनीची मालमत्ता आणि देणी यांच्यातील फरकाला शेअरच्या संख्येने भागले की मिळते ते पुस्तकी मूल्य. बाजारभाव म्हणजे आज दुसरा माणूस द्यायला तयार असलेली रक्कम; त्याचे पहिल्या दोन आकड्यांशी कोणतेही ठरलेले नाते नाही.

हे न कळल्यामुळे एक चूक वारंवार होते. 'दोनशे टक्के लाभांश जाहीर' अशी बातमी वाचून लोक धावतात, कारण पंधरा टक्क्यांची सवय असलेल्या कानाला दोनशे हा आकडा चमत्कारिक वाटतो. पण टक्केवारी दर्शनी मूल्यावर असते. शेअर दोन रुपये दर्शनी मूल्याचा असेल, तर दोनशे टक्के म्हणजे चार रुपये. तोच शेअर बाजारात आठशे रुपयांना मिळत असेल, तर गुंतवलेल्या रकमेवर हा परतावा अर्धा टक्का झाला. बचत खात्यावरचे व्याजही त्याहून जास्त असू शकते. अशा कंपनीचा शेअर घेण्यास दुसरी सबळ कारणे असू शकतात, पण लाभांश हे त्यातले कारण नव्हे.

लाभांशावर हक्क केव्हा निर्माण होतो, हेही नीट समजून घ्यावे. कंपनीला नफा झाला म्हणजे तो आपोआप भागधारकाचा होत नाही. संचालक मंडळ किती लाभांश द्यावा याची शिफारस करते आणि वार्षिक सभा ती मंजूर करते. सभा ती रक्कम कमी करू शकते, पण सामान्यतः वाढवू शकत नाही. सभेत मंजूर झाल्यावर मात्र लाभांश हे कंपनीचे आपल्याला असलेले देणे बनते आणि तीस दिवसांत ते द्यावे लागते. न वाटलेला नफा कंपनीतच राहतो. तो शहाणपणाने वापरला गेला, तर पुढे शेअरची किंमत त्यातूनच वाढते. तो वायफळ खर्चात गेला, तर ताळेबंदात शिल्लक दिसत असूनही आपल्या हाती काही लागत नाही. एखाद्या कंपनीबद्दल मला कुणी विचारले, तर ती किती लाभांश देते यापेक्षा राखून ठेवलेल्या पैशाचे गेल्या दहा वर्षांत तिने काय केले, हे मी आधी पाहतो. कराबाबत एवढेच सांगतो की १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या कर-टप्प्याप्रमाणे त्यावर कर लागतो.

बोनस शेअर, म्हणजे कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर, आणि शेअरचे विभाजन यांवरून होणारा आनंदही तपासून घ्यावा. एका भाकरीचे चार चतकोर केले काय किंवा आठ तुकडे केले काय, भाकरी तेवढीच राहते. आपले शंभर शेअर दोनशे झाले आणि इतर सगळ्यांचेही दुप्पट झाले, तर आपला हिस्सा होता तेवढाच राहिला. याउलट कंपनीने नवे शेअर काढून ते दुसऱ्याच कुणाला दिले, तर आपल्या हातात एकही शेअर कमी न होता आपला हिस्सा घटतो. म्हणून हक्कभाग, म्हणजे आधी जुन्या भागधारकांना विकत देऊ केलेले नवे शेअर, देऊ केल्याचे पत्र आले तर ते रद्दीत टाकू नये. पैसे भरायचे नसतील, तर तो हक्क दुसऱ्याला देता किंवा विकता येतो का, हे पाहावे. मुदत उलटून गेली की तो हक्क संपतो.

आता मताच्या प्रश्नाकडे येऊ. चाळीस शेअरवाल्याच्या मताला काही अर्थ आहे का? संचालकांची नेमणूक, हिशेब, लेखापरीक्षक अशा साध्या ठरावांना निम्म्याहून अधिक मते लागतात, आणि बहुतेक कंपन्यांत प्रवर्तकांकडेच, म्हणजे कंपनी काढून ती ताब्यात ठेवणाऱ्यांकडेच, तेवढी मते असतात किंवा ते ती सहज गोळा करतात. नाव बदलणे, नियमावली बदलणे अशा विशेष ठरावांना विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात. म्हणजे पंचवीस टक्क्यांहून थोडी जास्त मते एकत्र आली तर ठराव अडतो. परंतु एक जागा अशी आहे जिथे लहान भागधारकाचे मत खरोखर निर्णायक ठरू शकते. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीने प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचे ठरवले, उदाहरणार्थ मालाची खरेदी, जमिनीची विक्री किंवा कर्ज, तर त्या ठरावाला अनुकूल मत देण्यास संबंधित पक्षांना मनाई असते. तेव्हा निर्णय उरलेल्या भागधारकांच्या हाती येतो. चुलत्यांना जमिनीच्या विक्रीची काळजी वाटत होती. तिच्यातला हिस्सा मागता येणार नाही, पण ती जमीन प्रवर्तकाच्या मेहुण्याच्या कंपनीला स्वस्तात जात असेल तर तिथे मत नोंदवता येते आणि नोंदवावेच. हे मतदान आता घरबसल्या होते. सभेच्या आधी किमान तीन दिवस इलेक्ट्रॉनिक मतदान खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होते. ईमेलवर आलेली सभेची सूचना आपण उघडत नाही, ही मला खरी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. ज्या जिल्ह्यात कारखान्याच्या मतदानासाठी माणूस पुण्याहून रात्रीची गाडी पकडून येतो, तिथे कंपनीच्या मतासाठी दोन मिनिटे काढली जात नाहीत.

हिशेब मागण्याचे म्हणाल, तर वार्षिक अहवाल, ताळेबंद, सभासदांची नोंदवही आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क भागधारकाला आहे. रोजच्या कीर्द-खतावण्या, बिले आणि संचालक मंडळाची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क नाही. फाउंड्रीवाल्या त्या बंधूंना हाच दुसरा धक्का होता. त्यांनी रागाच्या भरात दोन वर्षांपूर्वी संचालकपदाचा राजीनामा दिला होता, आणि बिलबुक पाहण्याचा हक्क संचालकाला असतो, भागधारकाला नसतो. मात्र कायद्याने त्यांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते. दहा टक्के भागभांडवल ज्याच्याकडे आहे तो असाधारण सभेची मागणी करू शकतो. तसेच बहुमताच्या जोरावर दडपशाही किंवा गैरव्यवस्था होत असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. त्यांच्याकडे वीस टक्के होते. त्यांची खरी अडचण वेगळीच होती. प्रायव्हेट कंपनीच्या नियमावलीत शेअर बाहेरच्याला विकण्यावर बंधन असतेच. शेअर होते, पण गिऱ्हाईक नव्हते. शेवटी नोंदणीकृत मूल्यांकनकाराने किंमत काढली आणि थोरल्यांनी ते शेअर हप्त्यांनी विकत घेतले. त्यात चौदा महिने गेले. वाद नसताना, कंपनी काढतानाच बाहेर पडण्याची किंमत कशी ठरवायची हे लिहून ठेवले असते, तर हे महिने वाचले असते. भावांच्या कंपन्यांची कागदपत्रे करताना मी आता ते कलम घातल्याशिवाय सही करू देत नाही.

मालकीची एक मोठी सवलत मात्र भागधारकाला मिळते, आणि तिची किंमत मार्केट यार्डातील जुन्या माणसांना चांगली कळते. अडत दुकानाच्या भागीदारीत पेढी बुडाली, तर घेणेकरी भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतो. कंपनी बुडाली, तर भागधारकाने शेअरची पूर्ण रक्कम भरलेली असल्यास त्याच्याकडे आणखी एक पैसाही मागता येत नाही. घातलेले पैसे जातात, घर जात नाही. लहान कंपन्यांच्या संचालकांनी बँकेला वैयक्तिक हमी दिलेली असते तेव्हा त्यांच्या घरावर बोजा येतो, पण तो हमीदार म्हणून येतो, भागधारक म्हणून नव्हे.

या सवलतीच्या बदल्यात भागधारक रांगेत सर्वांत शेवटी उभा राहतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी अवसायनात निघाली, तर प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारणधारक बँका, इतर कर्मचारी, बिनतारणी धनको, सरकारी देणी आणि प्राधान्य भागधारक यांचे भागल्यावर काही उरले तरच ते साध्या भागधारकाला मिळते. बहुधा काही उरत नाही. दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीची निराकरण योजना २०२१ मध्ये मंजूर झाली तेव्हा भागधारकांचे शेअर शून्य किमतीचे ठरले आणि रद्द झाले; कंपनीचा व्यवसाय दुसऱ्या मालकाकडे चालू राहिला. पडलेल्या कंपनीचा शेअर पाच रुपयांना मिळतो आहे आणि तिची जमीन तर मोठी आहे, असे म्हणून तो घेणाऱ्यांना मी प्रत्येक वेळी विचारतो की त्या जमिनीवर आधी कुणाकुणाचा हक्क आहे, हे पाहिले का. बहुतेकांनी पाहिलेले नसते.

आता ट्रंकेतील प्रमाणपत्राविषयी. मी अशी प्रमाणपत्रे पुष्कळ पाहिली आहेत: डांबराच्या गोळ्यांचा वास, घडीवर विरलेला जाड कागद, कंपनीचा उठावाचा शिक्का, दोन संचालकांच्या सह्या, एका कोपऱ्यात फोलिओ क्रमांक (कंपनीच्या दप्तरातील भागधारकाचा खाते क्रमांक) आणि त्याखाली 'पासून-पर्यंत' असे शेअरचे अनुक्रमांक. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदींचे रकाने असतात. सर्वप्रथम कंपनीचे आजचे नाव शोधावे, कारण तीस वर्षांत तिचे विलीनीकरण किंवा नामांतर झालेले असू शकते. प्रमाणपत्रावर शंभर शेअर लिहिले असले, तरी मधल्या विभाजनामुळे आणि बोनसमुळे आज ती संख्या वेगळी असू शकते. फोलिओ क्रमांक देऊन कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, चौकशी केली की हे समजते. सलग सात वर्षे लाभांश उचलला गेला नसेल, तर तो लाभांश आणि ते शेअर दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झाले असतील. याचा अर्थ ते बुडाले असा नव्हे. मधल्या काळात त्यांवरचे मत गोठलेले असते, पण वारस त्या निधीचा आयईपीएफ-५ हा अर्ज भरून ते परत मिळवू शकतात. त्याआधी वारसहक्काची कागदपत्रे कंपनीकडे देऊन तिच्याकडून आपला हक्क मान्य असल्याचे पत्र घ्यावे लागते.

वारसाबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वडिलांनी कुणाला नामनिर्देशित केले असले, तरी तो शेअरचा अंतिम मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे निःसंदिग्ध केले आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आपल्या आई आणि बहिणी यांचाही आपल्याइतकाच हक्क आहे. त्यांची संमती किंवा हक्कसोड घेतल्याशिवाय शेअर एकट्याच्या नावावर करू नयेत. शेतीच्या वाटणीत जे वाद आपण पाहिले, ते शंभर शेअरवरूनही होऊ शकतात. शेअर वारसांच्या नावे होताना आता नवे कागदी प्रमाणपत्र मिळत नाही, ते डिमॅट खात्यातच, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याच्या खात्यातच, जमा होतात. तेव्हा खाते आधी उघडून ठेवावे. विकताना वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांचा धारणकाळ आपल्याला लागू होतो. शेअर इतके जुने असल्याने ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभावही हिशेबात घेता येतो, आणि त्यामुळे कर बराच कमी होऊ शकतो.

हे सगळे होईपर्यंत मूळ प्रमाणपत्र आहे त्या स्थितीत जपावे. त्याला लॅमिनेशन करू नये, पंच मारू नये, मागच्या रकान्यांत काही लिहू नये, आणि 'पैसे मिळवून देतो' म्हणणाऱ्या कोणत्याही मध्यस्थाच्या हाती पोचपावती घेतल्याशिवाय ते देऊ नये. दोन्ही बाजूंच्या स्पष्ट प्रती काढून त्यांतील एक चौकशीच्या पत्रासोबत कंपनीच्या रजिस्ट्रारला पाठवावी आणि पत्र स्पीड पोस्टाने धाडून त्याची पावती त्याच ट्रंकेत ठेवावी.